चौथी पायरी

2024 च्या गोकुळाष्टमीला रात्री दोन वाजता ताईनं मला हलवून उठवलं. "ऊठ, पाणी येतंय." खिडकीतून पाहिलं तर सोसायटीच्या रस्त्यावर घोट्याएवढं पाणी आणि वरून पाऊस. बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाला घोट्याएवढ्या पाण्याचं काय? "सकाळी बघू," म्हणाले आणि कूस बदलली.

ताईनं सकाळची वाट पाहिली नाही. कागदपत्रांची पेटी, आईची औषधं, तांदळाचा डबा, पाळण्यासकट बाळकृष्ण असं एकेक ती जिन्यानं वर नेत राहिली. गॅसचा बाटला तिसऱ्या पायरीपर्यंत ओढत आणला तेव्हा त्या खडखडाटानं मला परत जाग आली. आणि मी, आता सांगायला लाज वाटते, तिच्यावर ओरडले. आई झोपलीय, दर पावसाळ्यात तुझं हेच. ताई काही बोलली नाही. तिला धाप लागली होती आणि हात थरथरत होते. पहाटे साडेपाचला ओटला ओलांडून पाणी दिवाणखान्यात आलं.

मी राहते मांजलपूरला. कारेलीबागेतल्या या टेनामेंटमध्ये आई आणि ताई दोघीच असतात. अष्टमीचा सुंठवडा खायला म्हणून आले आणि तीन दिवस वरच्या मजल्यावर अडकले. लाइट गेली, मग फोन गेले. फोन जाण्याआधी कळलं ते एवढंच की काळा घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्रीची लेव्हल वाढतेय. धोक्याची खूण 26 फुटांवर आहे. त्या वेळी नदी 37 फुटांपर्यंत चढली. कुणाच्या तरी छपरावर मगर बसल्याचा व्हिडिओ सगळ्या शहराच्या फोनवर फिरला. वनखात्यानं तीन दिवसांत 24 मगरी वस्तीतून पकडल्या, हे नंतर पेपरात वाचलं. आम्हाला मगर दिसली नाही. दिसल्या शेजारच्यांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आमच्या फाटकावरून आरामात तरंगत गेल्या.

ताई जिन्यात बसून होती. दर अर्ध्या तासानं टॉर्च मारायची आणि कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहायची: पहिली बुडाली, 6.10. दुसरी अर्धी, 7.40. चौथी पायरी बुडाली तेव्हा तिनं ते मोठ्यानं सांगितलं आणि आईचा हात धरून बसली. पाचवीला पाणी लागलं नाही. मी वर भेळ केली. खरंच केली. कुरमुरे होते, कांदा होता, म्हटलं उपाशी कशाला राहायचं. मला भीती वाटत नव्हती असं नाही, पण पोटात गोळा आला तसा विरघळूनही गेला. पाणी वाढलं की माझी छाती धडधडायची, थांबलं की पंधरा-वीस मिनिटांत मी पुन्हा भेळ करणारी बाई.

पाणी उतरलं. चिखल काढला, फिनेल ओतलं, फुगलेलं फर्निचर रस्त्यावर टाकलं. पुढच्याच आठवड्यात गणपती होते, ते बसले. अनंत चतुर्दशीपर्यंत माझ्या लेखी पूर संपला होता. ताईचा संपला नाही. दिवाळीत ती रात्री दोनला उठून जिन्यात टॉर्च मारत होती. संक्रांतीलासुद्धा, आकाशात ढग नसताना. बीपी वाढलं, वजन उतरलं. शेजारच्या बेन समजवायच्या, "हवे तो पाणी ऊतरी गयुं, बेन." ताई मान हलवायची. पाणी उतरलंय हे तिला आमच्यापेक्षा जास्त नेमकं माहीत होतं, वेळेसकट लिहिलेलं होतं तिनं.

घरात याचं स्पष्टीकरण फार पूर्वीपासून तयार आहे. ताई बाबांवर गेलीय. बाबा रेल्वेत होते, तरी गाडीच्या दोन तास आधी स्टेशनावर जाऊन बसायचे. कुलूप तीनदा ओढून बघायचे. मुलं गरब्याला गेली की फाटकात उभे. बाबांचं नाक मला आलं आणि घोर ताईला, असं आई म्हणते. ज्याचा त्याचा पिंड. हा पिंड शब्द मला आवडतो, कारण तो दोष देत नाही. पण तो पुढचं काही सांगतही नाही. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला एवढ्यावर गप्प बसवत नाही.

मेंदूच्या तळाशी बदामाएवढा हायपोथॅलॅमस असतो. संकट दिसलं की तिथून सीआरएच नावाचं रसायन सुटतं. अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये वायली वेल यांच्या गटानं 1981 साली ते मेंढ्यांच्या मेंदूतून वेगळं काढून दाखवलं. सीआरएच खालच्या वाटाण्याएवढ्या पिट्यूटरीला हाक मारतं, पिट्यूटरी रक्तातून दुसरं रसायन पाठवते, आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. छातीची धडधड हे अ‍ॅड्रिनलिनचं काम, ते क्षणात होतं. कॉर्टिसॉल मागून येतं, वीस-तीस मिनिटांनी शिखराला पोचतं आणि साखर, रक्तदाब, झोप, सगळ्यांना कामाला लावतं.

बडोदेकराला हे समजवायला आजवा पुरे. सयाजीरावांनी बांधवून घेतलेल्या त्या सरोवराला 62 दरवाजे आहेत. वर पाऊस झाला की आजवाचं पाणी विश्वामित्रीत येतं आणि शहरातल्या पुलावर लेव्हल वाचली जाते. खालची लेव्हल फार चढली की वरून पाणी रोखायचं. शरीरातही असंच आहे. कॉर्टिसॉल रक्तातून फिरून परत मेंदूत येतं आणि तिथल्या पेशींमधल्या रिसेप्टरवर बसतं. रिसेप्टर म्हणजे आपली पुलावरची पट्टी. पट्टीवर आकडा दिसला की मेंदू वर निरोप देतो, पुरे, दरवाजे लावा. ही पट्टी बनवण्याची कृती ज्या जीनमध्ये आहे त्याला एनआर3सी1 म्हणतात, तो पाचव्या गुणसूत्रावर असतो.

पूर सगळ्यांना येतो. प्रश्न पट्टी किती लवकर वाचली जाते हा आहे. ताईच्या आत आणि माझ्या आत पाणी सारखंच चढलं, तिचं उतरायला पाच महिने लागले. मी इतकी वर्षं या फरकाला धीर म्हणत आले, आणि तो धीर आपण कमावलाय अशी माझी समजूत होती.

आता कबुली. 2003 साली सायन्स या नियतकालिकात एक निबंध आला. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा लहानपणापासून माग ठेवला गेला होता. त्यांच्यात असं दिसलं की सेरोटोनिन नावाचं रसायन पेशीत परत ओढून घेणाऱ्या प्रथिनाच्या जीनची आखूड आवृत्ती ज्यांच्यात आहे, त्यांना आयुष्यातल्या आघातांनंतर नैराश्य जास्त येतं. आखूड म्हणजे डीएनएच्या सुमारे 44 अक्षरांनी आखूड. केवढं सुटसुटीत! मी ते वर्गात फळ्यावर काढून शिकवलं. एक लांब रेघ, एक आखूड रेघ. अभ्यासक्रमात नव्हतं, तरी हौसेनं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, माझी रेघ कुठली ते कसं कळेल?" मी म्हणाले, पुढे तपासण्या निघतील, कळेल. ती मुलगी परीक्षेच्या आदल्या दिवशी उलट्या करणारी होती. तिनं वहीत आखूड रेघ काढून घेतली.

2009 साली अशा 14 अभ्यासांतल्या 14,250 माणसांचा हिशेब एकत्र मांडला गेला, तर आखूड रेघेचा परिणाम त्यात सापडला नाही. 2019 मध्ये नैराश्याशी जोडल्या गेलेल्या 18 नावाजलेल्या जीनची लाखो माणसांवर तपासणी झाली. डोळे मिटून उचललेल्या कुठल्याही 18 जीनपेक्षा त्यांच्यात वेगळं काही निघालं नाही. त्याच वर्षी आठ लाखांवर माणसांच्या जनुकीय माहितीतून नैराश्याशी संबंध असलेल्या 102 जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. म्हणजे एक रेघ नाहीच. रांगोळी आहे, शेकडो ठिपक्यांची, आणि बरेच ठिपके अजून मांडलेलेही नाहीत. ती मुलगी आता कुठे असते ठाऊक नाही. तिची वही हरवली असेल तर बरं.

जुळ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब 2000 साली झाला होता. नैराश्याच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे 37 टक्के आनुवंशिक निघाला. 37 म्हटलं की मला आता नदीच आठवते. पण हा आकडा फसवा आहे. ताईच्या घोराचे शंभर तुकडे केले तर त्यातले 37 बाबांचे, असा त्याचा अर्थ होत नाही. तो अख्ख्या समाजातल्या फरकाचा हिशेब आहे, एकट्या माणसाला लावताच येत नाही. मुलाचं नाक कुणाचं हे बारशाला सांगता येतं. घाबरणं कुणाचं हे तसं सांगता येत नाही, तरी आपण सांगतोच.

मग उंदीर. ताणाच्या शास्त्रात उंदीर फार आधीपासून आहेत. 1936 साली मॉंट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेली यांनी उंदरांना नाना तऱ्हेचा त्रास देऊन पाहिला. थंडी द्या, दुखापत करा, विष टोचा, शरीरात बदल तेच: अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, पोटात व्रण. पुढे त्याच विद्यापीठात मायकल मीनी आणि मोशे झिफ यांच्या गटानं उंदरांच्या आया पाहिल्या. काही माद्या पिलांना सारख्या चाटतात, काही कमी. जास्त चाटलेली पिलं मोठेपणी लवकर शांत होतात. 2004 मध्ये त्यांनी दाखवलं की कमी चाटलेल्या पिलांच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस या भागात, त्याच पट्टीच्या जीनच्या तोंडाशी मिथाइल नावाच्या रसायनाच्या बारीक गाठी जास्त बसलेल्या असतात. जीन तोच, अक्षरं तीच, पण कळ अर्धी दाबलेली. हा फरक पहिल्या आठवड्यातच पडतो. कमी चाटणारीची पिलं जास्त चाटणारीकडे दिली तर ती तिच्यासारखी होतात, म्हणजे हे रक्तातून आलेलं नव्हे. आणि मोठेपणी मेंदूत औषध सोडून त्या गाठी सोडवताही आल्या.

हे मी एका संध्याकाळी ताईला सांगत होते. ताई पोह्यांतले खडे बघत होती (आजकाल खडे निघत नाहीत, तरी ती बघते). आई वाती वळत होती. आईचं वय 84, ऐकू कमी येतं असं आम्ही धरून चालतो. वात वळता वळता ती थांबली.

"म्हणजे माझं चुकलं का ग?"

ताई जन्मली त्या वर्षी, 1962 मध्ये, आईला वीस दिवसांच्या आत कावीळ झाली. ताईला उचलून दांडिया बाजारातल्या वाड्यावर आजीकडे ठेवलं. तीन महिने आईनं तिला लांबूनच पाहिलं. ही गोष्ट आमच्याकडे कुणी कधी नीट सांगितलेली नाही, बोलण्यात इकडून तिकडून कळलेली. आणि मी काय करत होते, तर आईसमोर बसून उंदराच्या कमी चाटणाऱ्या आईविषयी रंगात येऊन बोलत होते.

मी घाईघाईनं सांगायला लागले की उंदरांचं माणसांना सरसकट लावता येत नाही, जिवंत माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही, शिवाय ती मादी कमी का चाटते तर तिच्यावरच ताण असतो. आईनं हातानं थांबवलं. तिला तिचंच काही आठवलं होतं.

"पण तिला तेल तर लावायच्या ना सासूबाई. रोज. शेगडीवर तेल कोमट करून तासभर, पायावर घेऊन. टाळू भरायच्या, नाक ओढायच्या, शेक द्यायच्या, धुरी द्यायच्या. तेवढं तुला कुणी लावलं? तू तिसऱ्या वेळची. चार थेंब लावले असतील नसतील, दोन तांबे पाणी ओतलं की झालं."

मी आणि ताई एकमेकींकडे बघत राहिलो. मग ताई हसायला लागली. पुरानंतर इतकं मोकळं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. आमच्या घरात जिला रगडून रगडून तेल लागलं ती रात्री दोनला उठते, आणि जिच्या अंगावर दोन तांबे पाणी ओतलं ती पुरात भेळ करते. मीनींच्या प्रयोगाचं यानं काही बिघडत नाही, एका घरावरून काहीच सिद्ध होत नसतं. पण मनात मी एक सुबक गोष्ट रचली होती, कावीळ, तीन महिने, गाठी, ती तिथल्या तिथे मोडली. बरं झालं. तसल्या गोष्टी रचल्या की शेवटी त्या कुणातरी बाईच्याच गळ्यात पडतात.

तरी एक धागा मला सोडवत नाही, दुधानं तोंड पोळलंय तरी ताक फुंकून पिते आहे म्हणा. सहाव्या गुणसूत्रावर एफकेबीपी5 नावाचा जीन आहे. त्याचं प्रथिन पट्टीला चिकटतं आणि तिची पकड ढिली करतं. पट्टीला कॉर्टिसॉल कमी जाणवायला लागतं. गंमत म्हणजे कॉर्टिसॉल वाढलं की हे प्रथिनही वाढतं. पूर जितका मोठा तितकी पट्टी चिखलानं माखलेली, असं समजा. दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडांमध्ये हे प्रथिन इतकं असतं की त्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल आपल्या कितीतरी पट खेळतं आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही, खुशाल फांद्यांवर उड्या मारतात. माणसांत या जीनच्या काही आवृत्त्या अशा आहेत की त्या प्रथिन जास्त बनवतात, आणि ताण संपल्यावरही कॉर्टिसॉल उतरायला वेळ लागतो. 2013 मध्ये जर्मनीतल्या गटानं दाखवलं की अशी आवृत्ती असलेल्या माणसावर लहानपणी अत्याचार झाले असतील तर या जीनवरच्या मिथाइलच्या गाठी सुटतात आणि तो पुढे सैलच राहतो. उंदरांत गाठी बसल्या होत्या, इथे सुटल्या. आघात झाला नसेल तर ती आवृत्ती आपली गप्प पडून असते.

पेशीत हे प्रथिन काय करतं ते अनेक प्रयोगशाळांनी पुन्हा पुन्हा पाहिलंय. कोण आजारी पडेल, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही. लाळेची डबी पाठवा, तुमचा ताणाचा जीन कळवू, अशा जाहिराती माझ्या फोनवर येतात. ताईसाठी मी त्यातली एक मागवणार नाही. फळ्यावर एकदा रेघ काढली तेवढी पुरे.

पण त्या पोह्यांच्या संध्याकाळी एफकेबीपी5 बद्दल मी ताईला सांगितलं, कारण मला तिची माफी मागायची होती आणि सरळ मागता येत नव्हती. म्हणाले, तू घाबरट नाहीस, काहींची पट्टी उशिरा वाचली जाते एवढंच. तुझं दार उशिरा लागतं, त्यात तुझा दोष नाही.

ताईनं पोह्यांची परात खाली ठेवली.

"म्हणजे माझं मीटर बिघडलंय."

"बिघडलंय असं नाही ग—"

"असू दे बिघडलेलं. पण त्या रात्री दोन वाजता पाणी खरंच येत होतं ना?"

मी गप्प. आईच्या इन्सुलिनची डबी, पेन्शनचे कागद, बाबांचा एकुलता एक फोटो, सगळं जिन्यावरून वर गेलं ते त्या मीटरमुळे. माझ्या भरवशावर असतं तर ते सगळं शेजारच्यांच्या खुर्च्यांच्या मागोमाग फाटकावरून गेलं असतं.

ताई उठली, पोहे भिजवायला आत गेली. फ्रिजखाली तिनं गवंड्याकडून विटांचा चौथरा बांधून घेतलाय. चौथ्या पायरीइतका उंच, वर आणखी एक वीट. आईचा हात वरच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, त्यावरून दोघींचं रोज वाजतं. आतून ताईचा आवाज आला, "कोथिंबीर काढून दे ग, तू उंच आहेस."